पाण्यातलं शीड उचलताना: विंडसर्फिंगचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा

विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून पाण्यावर धावण्याचा खेळ, शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी वाऱ्यावर फारसा धावत नाही. पाण्यात आडवं पडलेलं शीड उचलायचं, तोल गेला की पडायचं, पुन्हा बोर्डवर चढायचं आणि पुन्हा शीड उचलायचं, यातच त्याचा वेळ जातो. तासाभरात कंबर भरून येते, तळहात लाल होतात. ‘आपल्याच्यानं हे व्हायचं नाही’ असं म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ताकद त्यांच्याकडे पुरेशी असते. शिडावरचं पाणी निथळेपर्यंत थांबायचं असतं, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हे एकदा अंगवळणी पडलं की सडपातळ मुलगी आणि पन्नाशीचे गृहस्थ, दोघंही तेवढ्याच सहजतेनं शीड उभं करतात.

म्हणून या लेखात फक्त शीड उचलण्याबद्दल लिहिलं आहे. वाऱ्यावर धावणं, वळणं, हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) लावणं, हे सगळं त्यानंतरचं.

शीड मुळात का पडतं?

साध्या होडीची डोलकाठी दोरांनी चहूबाजूंनी ताणून पक्की केलेली असते. विंडसर्फरची मास्ट मात्र बोर्डला एका लवचिक सांध्यावर जोडलेली असते आणि कुठल्याही दिशेला झुकू शकते. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचा गाभा हाच होता. सुकाणू नाही, दोर नाहीत. शीड पुढे-मागे झुकवूनच बोर्ड वळवायचा. हात सोडला की शीड पाण्यात पडणार, हे त्यामुळे ओघानंच आलं. १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत आपल्या इबाद अलीनं आरएस:एक्स या विंडसर्फिंगच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या पातळीवरचे खेळाडूसुद्धा याच सांध्यावर उभं शीड तोलतात.

पडलेलं शीड जड का लागतं, हेही समजून घ्या. नवशिक्याचं मास्ट, बूम (शीड धरायचा आडवा दांडा) आणि शीड मिळून कोरड्यात साधारण सात-आठ किलो भरतं. पण ४ चौरस मीटरच्या शिडावर फक्त एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते ४० लिटर, म्हणजे ४० किलो होतं. मास्टवर चढवलेल्या शिवणीच्या नळीतही पाणी शिरतं. तुम्ही झटका देऊन ओढता तेव्हा हे सगळं ओझं एकदम उचलू पाहता. भिजलेली गोधडी बादलीतून काढताना आपण तिचं एक टोक वर धरतो आणि पाणी खाली गळू देतो. इथेही तसंच करायचं आहे.

उतरण्याआधी

बोर्ड मोठाच घ्या. नवशिक्यासाठी १८० ते २२० लिटरचा, ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद आणि मध्ये डॅगरबोर्ड (बोर्डमधून खाली पाण्यात ढकलायची फळी) असलेला बोर्ड चांगला. आपल्या किलोतल्या वजनात निदान शंभर मिळवून येणाऱ्या आकड्याइतके लिटर तरी असावेत, असा ढोबळ हिशेब धरा. मित्राचा वेगवान अरुंद बोर्ड मिळतोय म्हणून त्यावर शिकायला जाऊ नका. तो तुमच्या वजनानं पाण्याखाली जाईल आणि त्यावर उभं राहून शीड उचलणं अशक्य होईल. डॅगरबोर्ड पूर्ण खाली ढकलून ठेवा, म्हणजे बोर्ड कमी डुलतो.

शीड मात्र लहान घ्या. मोठ्या माणसाला ३ ते ४.५ चौरस मीटर पुरे, मुलांना दीड ते अडीच. ‘मोठं शीड म्हणजे मजा जास्त’ हा हिशेब नंतरचा.

बूम खांदा आणि हनुवटी यांच्या दरम्यान येईल अशा उंचीवर बांधा. अपहॉल, म्हणजे शीड उचलायची दोरी, बूमच्या पुढच्या टोकाला बांधलेली असते आणि तिचं खालचं टोक इलॅस्टिकनं मास्टच्या बुडाशी अडकवलेलं असतं. ते इलॅस्टिक तपासाच. ते सुटलं किंवा सैल पडलं असेल तर दोरी पाण्यात लोंबकळते आणि दर वेळी वाकून शोधावी लागते. दोरी जाड असावी आणि तिला हातभर अंतरावर गाठी असाव्यात. बारीक, गुळगुळीत दोरी तळहात सोलते.

लाइफ जॅकेट घालायचंच, पोहता येत असलं तरी. पायात पातळ तळव्याचे पाण्यातले बूट हवेत. आपल्या किनाऱ्यावर खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार तळपाय चिरते आणि ती जखम लवकर भरत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. उन्हापासून वाचवतो आणि बोर्डवर पोटावर चढताना कातडी खरचटत नाही.

वारा आणि जागा

वारा ५ ते १० नॉटचा असावा, म्हणजे ताशी साधारण ९ ते १८ किलोमीटर. पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसतात, पांढरा फेस दिसत नाही, तो वारा. १५ नॉटच्या वर गेला तर नवशिक्यानं त्या दिवशी किनाऱ्यावर बसून बघावं. त्यातही शिकण्यासारखं असतं.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हा खेळ पावसाळा सोडून, साधारण ऑक्टोबर ते मे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे असतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. सकाळचं पाणी आरशासारखं शांत दिसतं आणि नवशिक्याला तेच सोयीचं वाटतं. पण तो वारा तुम्हाला हळूहळू किनाऱ्यापासून दूर नेतो. शीड उचलण्याच्या नादात वीस मिनिटं गेली आणि मान वर केली, तर किनारा भलताच लांब दिसतो. म्हणून जमिनीकडून वारा असताना, सोबत बचाव-बोट नसेल तर उतरू नका. यात तडजोड करू नका. किनाऱ्याला समांतर किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा वारा सर्वांत बरा.

पाणी कमरेपासून छातीपर्यंत, तळाला वाळू. गोव्यात दोना पावला, बांबोळीकडचं झुआरीच्या मुखालगतचं पाणी यासाठी पसंत केलं जातं, कारण तिथे उघड्या समुद्रासारख्या लाटा फुटत नाहीत. नदीच्या मुखाशी मात्र ओहोटीची ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती आणखी वाढते, म्हणून भरतीची वेळ पाहूनच निघा. जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात किंवा जाळ्यांच्या काठ्या रोवलेल्या आहेत, तिथून लांब राहा. मासेमारांचं जाळं फिनमध्ये, म्हणजे बोर्डखालच्या पात्यात, अडकलं तर नुकसान त्यांचं होतं आणि धोका तुम्हाला. धरणाच्या पाण्यात लाट नसते, पण डोंगरांमुळे वारा सतत दिशा बदलतो, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो.

वाऱ्याची दिशा कळायला झेंडा हवाच असं नाही. तोंड फिरवत राहा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा आला की वारा अगदी समोरून येतोय. पाण्यावरच्या सुरकुत्या त्याला आडव्या असतात.

पायरी पहिली: बोर्ड आणि शीड लावून घेणं

निम्मं काम बोर्डवर चढायच्या आधीचं आहे आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

बोर्ड वाऱ्याला आडवा हवा. शीड बोर्डच्या त्या बाजूला हवं, जिकडे वारा वाहत जातोय. मास्ट बोर्डशी काटकोनात. तुम्ही चढणार विरुद्ध बाजूनं, म्हणजे उभं राहिल्यावर वारा पाठीवर आणि शीड समोर. हे एकच सूत्र डोक्यात ठेवा: पाठ वाऱ्याला, शीड पुढ्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बोर्डचं टोक धरून फिरवलं तर हे काम मिनिटभराचं आहे. चढल्यावर तेच करायला पाच मिनिटं आणि दोन डुबक्या लागतात.

पायरी दुसरी: उभं राहणं

पोटावर बोर्डवर या, मग गुडघ्यांवर. मास्टच्या बुडाशी गुडघे टेकवून अपहॉल हातात घ्या आणि दोरी हलकेच ताणा. दोरी ताणलेली असली की तिचा आधार मिळतो, म्हणून उठण्यापूर्वीच ती हातात हवी. मग एक पाय मास्टच्या पुढे, दुसरा मागे, दोन्ही बोर्डच्या मधल्या रेषेवर, खांद्याएवढं अंतर. मास्टचं बूड दोन्ही पायांच्या मधोमध. पावलं कडेला गेली की बोर्ड कलतो.

आता उठा, पण ताठ होऊ नका. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, हात सरळ. नजर दूरच्या काठावर. शीडाकडे बघत राहिलात की डोकं खाली जातं, डोक्यामागे खांदे आणि खांद्यांमागे कंबर वाकते.

पायरी तिसरी: पाणी निथळू देणं

इथे घाई करू नका.

हात सरळ ठेवून, गुडघे वाकवून, बूड किंचित खाली नेत मागे रेला. ओढायचं नाही, अंगाचं वजन दोरीला द्यायचं. पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. शीड पाण्याला चिकटल्यासारखं वाटतं आणि मनात येतं की जोर कमी पडतोय. तिथेच माणूस हात आखडतो, कंबर वाकवून हिसका देतो आणि पाठ धरते. तसं न करता रेललेलेच राहा. मास्टची शिवण हळूहळू पाण्याबाहेर येऊ लागते. तिच्याखाली हवा शिरते आणि शिडावरचं पाणी मागच्या कडेकडे वाहू लागतं. पाहता पाहता ते कडेवरून झालरीसारखं खाली सांडतं आणि दोरीतला ताण तुमच्या हातात कमी होत गेल्याचं जाणवतं.

तो कमी होत जाणारा ताण ओळखायला शिकणं, हाच या सगळ्याचा गाभा. ताण कमी होतो तसतसं तुम्ही मागे रेललेले असू नये. गुडघे हळूहळू सरळ करत अंग वर आणा. नवशिके पाठीवर पाण्यात पडतात ते बहुतेक याच क्षणी. शीड हलकं झालं आणि ते मात्र मघाइतक्याच जोरानं मागे झुकलेले. शीड जितकं हलकं, तितकं तुम्ही ताठ.

आता एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर हात चढवत जा. एक हात घट्ट धरेपर्यंत दुसरा सोडायचा नाही. मास्ट वर येत राहते, पण शिडाचं मागचं टोक अजून पाण्यात असतं. इथे एक छोटी विश्रांती घ्या. शीड अर्धं वर, टोक पाण्यात, तुम्ही स्थिर. श्वास घ्या. बोर्ड वाऱ्याला आडवा आहे का, बघा. नसेल तर अशाच स्थितीत थोडं थांबलं की तो बहुधा आपोआप फिरून आडवा होतो. टोक पाण्याबाहेर पडण्याआधी बोर्ड नीट झाला तर पुढचं सगळं सोपं जातं.

मग शेवटचे दोन हात चढवा. टोक पाण्याबाहेर येतं, उरलेले थेंब गळतात आणि शीड झेंड्यासारखं फडफडू लागतं.

पायरी चौथी: थांबणं

शीड उभं राहिलं की हात लगेच बूमकडे जातात. नका नेऊ. बूम धरलात की शिडात वारा भरतो आणि तो पेलायची तयारी अजून नाही. दोन्ही हात अपहॉलच्या अगदी वरच्या टोकाशी, किंवा बूमच्या खाली मास्टवर ठेवा. हात सरळ, मास्ट अंगापासून हातभर दूर, शीड वाऱ्याच्या दिशेला मोकळं फडफडतंय, बोर्ड त्याच्याशी काटकोनात. ही सुरक्षित स्थिती. शिडात जोर नाही, बोर्ड जवळजवळ जागेवर आहे. हवं तितका वेळ असं उभं राहता आलं पाहिजे.

मास्ट छातीशी ओढू नका. अंतर गेलं की तोल सावरायला जागा उरत नाही.

वाऱ्याचा झोत आला आणि घाबरायला झालं तर दोरी सोडून द्या. शीड पाण्यात पडतं, सगळा जोर संपतो आणि तुम्ही बोर्डवर उभे असता. विंडसर्फिंगमधला ब्रेक हाच. पडणारं शीड वाचवायला जाणारा माणूस त्याच्याबरोबर पाण्यात जातो. म्हणून पहिल्याच दिवशी मुद्दाम उचला आणि मुद्दाम सोडा, तीन-चारदा. सोडायची भीती गेली की उचलणंही सैल, सहज होतं.

पायरी पाचवी: बोर्ड फिरवणं

सुरक्षित स्थितीतच शीड बोर्डच्या मागच्या टोकाकडे झुकवलं तर पुढचं टोक वाऱ्याकडे वळतं. पुढच्या टोकाकडे झुकवलं तर ते वाऱ्यापासून दूर जातं. आधी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करून पाहा. मग शीड मागच्या टोकावरून सावकाश पलीकडे नेत बोर्ड अर्धा गोल फिरवा. पावलं मास्टच्या बुडाभोवती छोटी छोटी टाकत जा, पाठ कायम वाऱ्याला. हे जमलं म्हणजे जिथून निघालात तिकडे परत यायची सोय झाली. सरळ धावायला शिकण्याआधी हे शिकावं, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावरून उचलून आणावे लागणारे बहुतेक नवशिके पुढे जायला शिकलेले असतात, फिरायला नाही.

शीड उलट बाजूला पडलं तर

हे होणारच. तुम्ही उभे आहात, शीड वारा येतो त्या बाजूला आडवं आहे आणि वारा तोंडावर लागतोय. नेहमीसारखं झटकन उचललंत तर वारा शिडाखाली शिरून ते तुमच्याच अंगावर लोटतो. मास्ट डोक्यावर येऊ शकते, म्हणून इथे सावध राहा.

शीड थोडंसंच उचला, बूमचं पुढचं टोक गुडघ्याच्या उंचीला येईल इतपत, आणि तिथेच धरून ठेवा. वारा खालून धरू लागतो, शीड सरकू लागतं आणि त्याच्याबरोबर बोर्ड तुमच्या पायांखाली फिरू लागतो. तुम्ही फक्त गुडघे मऊ ठेवून छोटी पावलं टाकायची आणि शीडाकडे तोंड ठेवायचं. शीड वाऱ्याच्या पलीकडे जाऊन स्थिरावलं की मगच पूर्ण उचला. पाणी उथळ असेल तर सरळ खाली उतरून हातानं बोर्ड फिरवून घ्या. त्यात काही कमीपणा नाही, दमही वाचतो.

मास्ट बोर्डला समांतर, पुढे किंवा मागे पडली असेल तरी हाच उपाय: थोडं उचला, धरा, काटकोन होऊ द्या. शिडाचं मागचं टोक बोर्डच्या पुढच्या दिशेला असलं तर काळजी नको, वर येताना ते आपलं आपण फिरतं.

नेहमी अडतं कुठे

कंबर दुखत असेल तर तुम्ही हातांनी ओढताय. हात सरळ ठेवा, गुडघ्यांतून बसा, मांड्या भरून आल्या पाहिजेत.

शीड अर्ध्यावर येऊन अडकत असेल तर मागचं टोक पाण्यात रुतलेलं असतं. जोर वाढवू नका. क्षणभर थोडं खाली सोडा, बोर्ड काटकोनात येऊ द्या, मग पुन्हा उचला.

दर वेळी पुढे, शिडावरच पडत असाल तर नजर खाली आहे किंवा दोरीतला ताण सुटलाय. दर वेळी मागे पडत असाल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा.

बोर्ड डुगडुगत असेल तर पावलांची बोटं आत वळवून बोर्ड धरायचा प्रयत्न चाललेला असतो. बोटं सैल सोडा.

पडताना सपाट पडा. सूर मारू नका, तळ कुठे आहे ते माहीत नसतं. पाण्याखालून वर येताना एक हात डोक्यावर धरा, मास्ट किंवा बूम वर असू शकते. शीड अंगावर पडून त्याखाली गेलात तरी घाबरू नका. हातानं ते वर ढकललं की श्वासापुरती जागा होते. एका दिशेनं हात सरकवत जा, कड लगेच सापडते.

दमल्यावर

सलग उचलत राहू नका. चार-पाचदा उचललं की बोर्डवर बसा आणि शीड पाण्यातच राहू द्या. पाण्यातलं शीड नांगरासारखं काम करतं, बोर्ड फार वाहत जात नाही. दमलेला माणूस चुकीच्या पद्धतीनं उचलतो आणि तीच सवय लागते.

परत येणं जमत नसेल तर शीड बोर्डच्या मागच्या भागावर आडवं ओढून घ्या, त्यावर पालथं झोपा आणि हातांनी वल्हवत किनाऱ्याकडे या. तेही शक्य नसेल तर बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूंना पसरून हळूहळू वर-खाली करत राहा. मदत हवी असल्याची ही खूण जगभर ओळखली जाते. बोर्ड सोडून पोहत किनारा गाठायचा विचार कधीही करू नका. बोर्ड बुडत नाही आणि लांबून शोधणाऱ्याला तोच दिसतो.

बूमला हात कधी लावायचा

शीड दोन्ही बाजूंनी, म्हणजे बोर्डचं पुढचं टोक डावीकडे असताना आणि उजवीकडे असताना, न पडता उचलता येऊ लागलं, उभं धरून निवांत थांबता आलं आणि बोर्ड अर्धा गोल फिरवता आला, की तुम्ही पुढे जायला तयार आहात. कुणाला हे पहिल्याच दुपारी जमतं, कुणाला तीन-चार वेळा यावं लागतं.

मग पुढचा हात बूमवर आणा, मागचा पाय थोडा मागे सरकवा आणि मास्ट अंगासमोरून पुढच्या खांद्याकडे ओढून घ्या. एका जागी शीड हातात जवळजवळ वजनहीन होतं. तिथे मागचा हात बूमवर ठेवा आणि दार लोटावं इतक्या हळू तो आपल्याकडे ओढा. बोर्ड सरकू लागेल. जोर जास्त वाटला तर मागचा हात सोडा, आणखी जास्त वाटला तर दोन्ही.

संपल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवा, विशेषतः मास्टखालचा सांधा आणि अपहॉलचं इलॅस्टिक. मिठानं इलॅस्टिक लवकर कडक होतं. सांध्याच्या रबराला बारीक चिरा दिसल्या तर तो बदलल्याशिवाय पुन्हा पाण्यात नेऊ नका.